कानातला सारस

मी वाचकांच्या अतर्क्य अनुभवांच्या या सदराची जुनी वाचक आहे, पण खरं सांगायचं तर नास्तिक वाचक. माझी आई हे अनुभव मोठ्याने वाचून दाखवते आणि मी भाजी निवडता निवडता एकेकाचं निदान करत जाते — याला ताप होता, हिची झोप झाली नव्हती, हा तर सरळ प्यायलेला होता. आई चिडायची. "तुला येईल ना एखादा अनुभव, तेव्हा कळेल," म्हणायची. तर आई, आला. आणि निदान काही केल्या होत नाहीये.

आधी माझं काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी लष्करातल्या वैमानिकांची डॉक्टर आहे. इतर डॉक्टर आजारी माणसाला बरं करतात. मी धडधाकट माणूस आज उडायला लायक आहे की नाही ते ठरवते. रोज सकाळी उड्डाणाआधी ते माझ्यासमोर येऊन बसतात. नाडी, बीपी, झोप झाली का, पोट ठीक आहे का, घरी भांडण वगैरे नाही ना... आणि सर्दी. सर्दीवर माझा खास डोळा. आपल्याला सर्दी म्हणजे दोन दिवस सुंठ-गूळ. वैमानिकाला सर्दी म्हणजे वरून खाली येताना कानाचा पडदा फाटायची तयारी. म्हणून रोज नाक दाबून, तोंड मिटून कानात हवा भरायला लावायची, आणि कानात बॅटरी धरून पडदा हलतो का ते बघायचं. मला माझ्या माणसांचे चेहरे एक वेळ विसरायला होतील, कान नाही.

यातली गोम अशी, की माझ्या खोलीत येऊन वैमानिकाचा कधी फायदा झालेला नाही. आत येतो तेव्हा तो उडणारा असतो. बाहेर पडताना फार तर तेवढाच राहतो. त्यामुळे ही मंडळी डॉक्टरशी भारी गोड वागतात आणि काही म्हणता काही सांगत नाहीत. अंगात ताप घेऊन "एकदम फर्स्ट क्लास, डॉक!" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. म्हणून वैमानिक जेव्हा स्वतःहून, आपल्या पायांनी येऊन "मला काहीतरी होतंय" म्हणतो, तेव्हा ते साधं नसतं हे धरून चालायचं.

मागच्या पावसाळ्यात आमची हेलिकॉप्टरची एक तुकडी गोंदियाजवळच्या धावपट्टीवर होती. पूर आला तर माणसं काढायची, जखमींना नागपूरला पोचवायचं, अशी कामं. तुकडी कोणती, कुणाची ते विचारू नका. नावंही बदलली आहेत. मला हे पोस्टिंग मिळालं तेव्हा कोण आनंद झाला होता, कारण मी इथलीच. आमचं घर आमगावचं, पवारांचं. घरात पवारी बोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी अशी वाढलेली. माझा मामा त्याच भागात एका तलावाच्या खालच्या गावात धान करतो. धावपट्टीपासून गाडीने जेमतेम अर्धा तास. लहानपणी सुट्टीत तिथेच असायचे, त्यामुळे सारस म्हणजे माझ्यासाठी पुस्तकातला पक्षी नाही. जवळजवळ माणसाएवढा उंच, राखाडी, लाल डोक्याचा, बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, जोडीनेच फिरणारा. ओरडतातही जोडीने. नर मान आकाशाकडे करून एक लांब हाक देतो, आणि त्याच्या शेपटालाच मादी दोन आखूड हाका जोडते. एक लांब, दोन आखूड. ऐकणाऱ्याला ते एकाच गळ्यातून आल्यासारखं वाटतं. मामाच्या बांधीत एक जोडा वर्षानुवर्षं होता. घरटं केलं की मामा तेवढा तुकडा निंदायचा नाही आणि कुत्र्यांना दगड मारत बसायचा. मामी म्हणायची, बायकोची एवढी राखण केली असती तर बरं झालं असतं.

आता कौस्तुभ. मेजर कौस्तुभ, कोल्हापूरचा, तुकडीतला सगळ्यात चांगला हात. माझ्यापेक्षा बराच लहान, मला "डॉक" म्हणायचा आणि माझ्या डब्यावर पहिला हक्क त्याचा. त्याची इन्स्ट्रक्टरच्या कोर्ससाठी निवड झाली होती, हिवाळ्यात जायचं होतं. ते त्याचं अकॅडमीपासूनचं स्वप्न होतं, हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचाच.

रोवणी आटोपून धान चांगलं वर आलं होतं, तेव्हाची गोष्ट. कौस्तुभ दुपारी परत येत होता. मागे पुरातून काढलेली माणसं बसलेली, त्यात एक बाळंतीण. उतरायला खाली येताना मामाच्या गावाकडच्या बांधीतून सारसांचा जोडा उठला. एक वाचला. दुसरा त्याच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या काचेवर आला. काच तडकली, पण त्याने मशीन सरळ ठेवलं आणि असं काही उतरवलं की मागच्या बाळंतिणीला कळलंसुद्धा नाही. मी त्याला लगेच तपासलं. मान, डोळे, कान, रक्त... सगळं ठीक. उजव्या कानाजवळ काचेचा एक ओरखडा, बस्स. हात मात्र धूत राहिला. "डॉक, माझ्याकडे बघत होती ती," एवढंच म्हणाला. मादी होती हे त्याला कसं कळलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर मेलेला पक्षी तपासला, तेव्हा मादीच निघाली.

विश्रांती देऊन, पुन्हा तपासून मी त्याला उडायला पाठवलं. बरोबर होतं ते. आजही तो कागद समोर आला तर मी तीच सही करीन.

काही दिवसांनी सकाळच्या तपासणीला तो सगळ्यांत शेवटी आला आणि दार लोटून घेतलं.

"डॉक, ऑफ द रेकॉर्ड."

"इथे ऑफ द रेकॉर्ड फक्त माझा डबा असतो. बोल."

"उजव्या कानात आवाज येतो."

मी म्हटलं, शिट्टी? गुणगुण? रोटरच्या आवाजात आयुष्य काढणाऱ्यांना ते होतंच. तो म्हणाला, नाही. हाक येते. लांब. मग गप्प. मग पुन्हा हाक. आधी फक्त शांततेत यायची, मशीन बंद केल्यावर, जेवताना. म्हणून कुणाला बोललो नाही. पण काल वर असताना, हेडसेट कानात असताना आली, आणि कंट्रोल टॉवर काय म्हणाला ते मला कळलंच नाही.

"म्हणून आलो," तो म्हणाला. "मागे माणसं होती, डॉक. नाहीतर आलो नसतो."

मी पडदा बघितला. हलला. स्वच्छ होता. कंपनकाटा वाजवून कानाशी धरला, ऐकू येणं ठीक. आता कानात आवाज येतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक गोष्ट करतो, कारण मानेतल्या रक्तवाहिनीत काही गडबड असली तर तो आवाज बाहेरूनही ऐकू येऊ शकतो: कानामागे, मानेवर आणि कानावर स्टेथोस्कोप धरून ऐकायचं. शंभरातल्या नव्याण्णवांमध्ये काही ऐकू येत नाही. मी सवयीने, दुसराच काहीतरी विचार करत, स्टेथो त्याच्या उजव्या कानावर धरला.

सारस ओरडला.

मी पटकन स्टेथो काढून खिडकीकडे बघितलं. बाहेर गवत, धावपट्टी, आणि पलीकडे गाडी धुणारा ड्रायव्हर. ना पक्षी, ना आवाज. पुन्हा लावला. शांत... आणि मग पुन्हा, आतून, लांबून — ती एक लांब हाक.  मी ती हाक लहानपणापासून ऐकलीये. पुढच्या दोन आखूड हाकांची माझ्या कानाने सवयीने वाट पाहिली, आणि त्या आल्या नाहीत.

आमचे मेडिकल असिस्टंट यादवजी निवृत्तीला टेकलेले, डोकं थंड. त्यांना बोलावून त्यांच्या कानाला स्टेथो दिला. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मान हलवली. "कुछ नहीं है, मॅडम. बिलकुल साफ."

मग मी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात नाही. कौस्तुभला डोळे मिटायला सांगितलं. म्हटलं, हाक आली की बोट वर कर, संपली की खाली. मी स्टेथोचं टोक त्यालाच कानावर धरायला दिलं, त्याच्याकडे पाठ केली आणि माझंही बोट तसंच वर करत राहिले. यादवजींना म्हटलं, तुम्ही फक्त दोघांची बोटं बघा.

बराच वेळ आम्ही तसे उभे होतो. शेवटी यादवजींचाच आवाज आला, "बस करो मॅडम. साथ में उठती हैं. हर बार." आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले. त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

कौस्तुभ मात्र खूश झाला होता! खुळ्यासारखा हसत होता. "म्हणजे मी वेडा नाही! तुम्हालाही येतंय!"

त्याच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं होतं. मी ऐकलं असं लिहिलं, तर कानात खरंच काहीतरी आहे, आणि ते काय ते कळेपर्यंत उडणं बंद. मी ऐकलं नाही असं लिहिलं, तर याला नसलेले आवाज ऐकू येतात, आणि मग तर उडणं कायमचंच बंद. आणि काहीच लिहिलं नाही, तर उद्या पुन्हा टॉवर काहीतरी बोलेल, याला ऐकू येणार नाही, आणि मागे कुणीतरी बाळंतीण बसलेली असेल. माझ्याकडे तीन दारं होती आणि तिन्हींना बाहेरून कडी.

मी ऐकलं ते लिहिलं आणि त्याचं उडणं थांबवलं.

"तुम्ही ऐकलंत ना?" तो म्हणाला. हसू गेलं होतं. "मग माझ्यावर विश्वास आहे ना? मग का?"

"ऐकलं म्हणूनच."

तो उठला. सॅल्यूट केला — मला, जिच्या डब्यातली भाकरी तो न विचारता घ्यायचा तिला — आणि गेला. मला त्या क्षणी माझ्या डिग्र्यांची, त्या स्टेथोची, सगळ्याची चीड आली. वर्षानुवर्षं शिकून मला शेवटी एवढंच येत होतं: नाही म्हणायला.

मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या आधीच्या रविवारी तो स्वतःहून आला. "तुमच्या मामांकडे सारस आहेत म्हणाला होतात. बघायचाय." मी नको नको म्हणत त्याला घेऊन गेले.

मामाने आमच्या रिवाजाप्रमाणे आधी वाकून माझ्या पाया पडून घेतलं. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, मग भाची डॉक्टर असो की मारकुटी. कौस्तुभ ते बघून बावचळला. मामीने लाखोरी डाळीचे वडे तळले. मग आम्ही बांधावर गेलो.

"आता एकटाच हाये तो," मामा म्हणाला. "तुमच्या हेलिकाप्टरनं जोडा तोडला ना, बाई. तवापासून पाहून राहिलो मी. दिसभर वरडते. एकडाव वरडते अन् मान वर करून थांबून जाते. तिच्या वाट्याची जागा सोडते. मंग पुन्हा वरडते."

"दुसरी नाही का मिळणार त्याला?" मी विचारलं.

"कायले मिळन? तो पाह्यतच नाही कोनाकडं."

तेवढ्यात तो दिसला. दूर, धानाच्या वर फक्त लाल डोकं. त्याने मान उचलली आणि हाक दिली. मी कौस्तुभकडे बघितलं. त्याने एक हात उजव्या कानावर घट्ट दाबला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट वर होतं. हाक संपली, बोट खाली आलं. तो हलकेच म्हणाला, "दोन्हीकडून येतोय, डॉक. बाहेरून आणि आतून." मग मामाकडे वळून म्हणाला, "मामा, ते हेलिकॉप्टर मीच चालवत होतो."

मला वाटलं मामा आता फाडकन काहीतरी बोलणार. आमच्याकडच्या बोलण्याला पुण्याकडचं तूप नसतं. पण मामाने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि खांद्यावरचा गमछा काढून बांधावर अंथरला. "बस बापा," म्हणाला. "तू का मुद्दाम मारली का? तुयी चूक नाही, मले समजते. हिले समजते." मग तलावाकडे हात करून म्हणाला, "पन त्याले कोन सांगन?"

कौस्तुभ त्या गमछ्यावर बसून रडला. मामाने त्याला वडा खायला लावला. मी दोघांच्या मध्ये उभी होते.

मोठ्या दवाखान्यात त्याची सगळी तपासणी झाली. मेंदूचे फोटो, मानेच्या शिरा, कानाच्या नसा. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. तिथल्या बड्या डॉक्टरांनी स्टेथो लावून ऐकलं, काही नाही. मग मला फोन आला. अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही लिहिलंय की तुम्हालाही आवाज आला. हे तसंच ठेवायचं का?" मी हो म्हटलं.  मग तितक्याच सभ्यपणे, "डॉक्टर, तुमचे स्वतःचे कान तपासून घ्या." मी म्हटलं, घेतलेत सर. नॉर्मल आहेत.

कौस्तुभला उडण्यावरून काढून पुण्याला एका ऑफिसात बसवलं. इन्स्ट्रक्टरचा कोर्स गेला. त्याच्या जागी दुसरा कुणी गेला. माझ्यावर राग धरेल वाटलं होतं, पण तो अधूनमधून फोन करायचा. पुण्यातही यायची म्हणे हाक. ट्रॅफिकमध्ये, मीटिंगमध्ये. एकदा मी मामाच्या बांधावर असताना त्याचा फोन आला. मला कल्पना सुचली. म्हटलं, हाक आली की "आत्ता" म्हण. आणि माझ्या बाजूचा आवाज बंद केला, म्हणजे इकडचं त्याला काही ऐकू जाऊ नये. धान कापून झालं होतं, सारस समोर मोकळ्या बांधीत उभा होता. त्याने मान उचलली.

"आत्ता," पुण्याहून कौस्तुभ म्हणाला.

मामा शेजारी विडी ओढत होता. फोनकडे बघत राहिला आणि विडी विझून गेली. पुन्हा मान उचलली, पुन्हा "आत्ता". मी फोन बंद केला. आणखी पुरावा घेऊन करणार काय होते? कुणाला दाखवणार होते?

मग या उन्हाळ्याच्या तोंडावर, मी सकाळची तपासणी उरकत होते तेव्हा त्याचा फोन आला.

"डॉक, शांत आहे."

"म्हणजे?"

"उठल्यापासून एकदाही नाही. रोज उजाडताना पहिली हाक यायची. आज नाही. मामांना विचाराल?"

मामाला फोन केला. तो घरीच होता, त्याला काही माहीत नव्हतं. "जाऊन पाह्यतो," म्हणाला. दुपारी त्याचा फोन आला. सारस तलावाच्या काठी सापडला होता. विजेच्या तारेखाली नव्हता, कुत्र्यांनी धरला नव्हता, अंगावर कुठे काही लागलेलं नव्हतं. "पाय मुडपून बसला होता, बाई. मले वाटलं बसलाच हाये," मामा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी कौस्तुभला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी आता फिट आहे." त्यात आनंद कुठेच नव्हता. मला वाटलं होतं, बातमी ऐकून मला तरी हायसं वाटेल. नाही वाटलं.

दवाखान्याने पुन्हा सगळं तपासलं. आवाज गेला, दोष काही नाही, उडायला हरकत नाही. फक्त शेवटची तपासणी तुकडीच्या डॉक्टरने करायची, म्हणजे मी. तो गोंदियालाच आला. म्हणाला, जिथे थांबलो तिथूनच सुरू करतो. वाटेत तर्री-पोहे खाऊन, माझ्यासाठी बांधून घेऊन आला. केस कापलेले, बूट चमकवलेले, शाळेच्या पहिल्या दिवसाला निघाल्यासारखा.

नाडी, बीपी, झोप. नाक दाब, हवा भर. पडदा हलला. यादवजीही होते, दाराशी उभे. "आता शेवटचं," मी म्हटलं. त्याने न सांगता डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवला, बोट तयार. मी स्टेथो उजव्या कानावर धरला.

शांत. नुसता आपला समुद्रासारखा रिकामा आवाज, सगळ्यांच्या कानात असतो तो. मी थांबले. मला वाटलं, सुटलो. मनातल्या मनात सहीसुद्धा करून टाकली.

आणि तेव्हा आल्या. दोन आखूड हाका. एकापाठोपाठ एक, अगदी जवळून.

मला हललेलं आठवत नाही. पण यादवजी माझ्या हाताकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं. माझं बोट वर होतं. कौस्तुभचं मांडीवरच होतं.

"काही आहे का, डॉक?" डोळे मिटलेल्या कौस्तुभने विचारलं.

मी त्याला खोटं सांगू शकले नाही. म्हटलं, "तुला काही येतंय?"

"नाही. अजिबात नाही."

"मला येतंय. दोन. आखूड."

त्याने डोळे उघडले. तो आता सारसांबद्दल माझ्याएवढंच जाणत होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्यात आहे का ते, की तुमच्यात?"

 माझ्याकडे फक्त नियमाचं उत्तर होतं. पेशंटला त्रास नाही, तपासण्या नॉर्मल, यादवजींना काही ऐकू येत नाही. मी नागपूरहून दुसरा डॉक्टर बोलावला, त्यालाही येत नाही. म्हणजे नियमाने पेशंट ठीक आहे आणि बिघाड असलाच तर माझ्यात आहे. मला काय ऐकू आलं ते मी लिहून वर कळवलं. या वेळी उत्तर आणखी सभ्य होतं. त्या दुसऱ्या डॉक्टरच्या सहीवर कौस्तुभ उडायला लागला, आणि आज तो डोंगराळ भागात कुठेतरी उत्तम उडतो आहे. मला फार बरं वाटतं त्याचं. मला काही दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं आहे, म्हणून तर एवढं लांबलचक लिहायला बसले. आई स्वयंपाकघरात आहे; या वेळी ती माझं निदान करत नाही, नुसता चहा आणून ठेवते.

कुणी म्हणेल भास. मग दोघांची बोटं एकदम कशी उठत होती? कुणी म्हणेल अपराधाची भावना. मग फोनवरचं "आत्ता" काय होतं? मी शोधलं, विचारलं, वाचलं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि आता ते मिळेल असंही वाटत नाही. ते सगळं मी एक वेळ सोडून देईन.

पण सुटत नाही ते वेगळंच. तो इतके महिने हाक देऊन तिच्यासाठी जागा सोडत राहिला, तेव्हा ती गप्प होती. आणि तो गेल्यावर तिचं उत्तर आलं. मामा त्या दिवशी बांधावर म्हणाला होता, त्याले कोन सांगन? ते कधी कुणाला सांगता आलं नाही, मलाही नाही. आता ती उत्तर देतेय, आणि तिला कोण सांगणार, की तो आता नाही?